दुपारी तीन ते साडेचार

बूट न घालता माणसाची बुटांपायी किती शोभा होऊ शकते, हे मी या श्रावणात शिकलो. बूट माझे नव्हते. ते माझ्या बायकोचे, शैलजाचे होते, आणि शैलजाला जाऊन दहा दिवसांनी वर्ष होणार होतं. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं चार दिवसांत गेली. पाचव्या दिवशी तिच्या शाळेतून फोन आला होता, बाई उद्या येणार आहेत का म्हणून. डिंडोलीतल्या मराठी शाळेत तिनं सत्तावीस वर्षं शिकवलं, आणि एकदाही न कळवता रजा घेतली नव्हती.

वर्षश्राद्धाला आमची मुलगी श्वेता अमेरिकेहून, टेक्सासमधून, येणार होती. तिचा फोन आला. मला वाटलं गुरुजींचं विचारेल, स्वयंपाकाला बाई मिळाली का ते विचारेल. ती म्हणाली, "बाबा, आईचे बूट आहेत ना? मी आले की घालणार आहे."

"आहेत तर," मी म्हणालो. "अगदी नीट आहेत."

मग मी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो आणि खोकं उघडलं. बुटांवर बुरशीची दाट पांढरी लव आली होती. मधेमधे हिरवट. सुरतेच्या भेजात, या दमट हवेत, दोन पावसाळे बंद खोक्यात काढल्यावर माणसालाही बुरशी येईल, तिथे चामड्याचं काय घेऊन बसलात. मी खोकं मांडीवर घेऊन स्टुलावरच बसून राहिलो.

हे बूट काय होते ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी शैलजा श्वेताकडे दोन महिने राहून आली. मी गेलो नव्हतो. मला विमानात झोप लागत नाही. येताना लोक बदाम आणतात, चॉकलेटं आणतात. हिनं काउबॉयचे बूट आणले. तपकिरी, पोटरीपर्यंत उंच, पुढे टोकदार, बाजूला फुलांची शिवण आणि टाच चांगली दोन बोटं. वय वर्षं छप्पन्न.

आल्याच्या पुढच्याच रविवारी आम्हाला एका मुंजीला जायचं होतं. मी लिफ्टपाशी उभा. शेजारच्या सरलाबाई तिथे, सोसायटीचे सेक्रेटरी धनसुखभाई तिथे. शैलजा दार ओढून बाहेर आली. अंजिरी रंगाची नारायणपेठ, आणि खाली ते बूट. मी म्हणालो, "काय गं, सर्कशीत निघालीस का?"

धनसुखभाई हसले. मला विनोद जमला की मी तो सोडत नाही, म्हणून मुंजीत तो आणखी चौघांना ऐकवला. शैलजा तेव्हा परत आत गेली, चपला घालून आली आणि तीही थोडं हसली. पुढे ते बूट मी कधी तिच्या पायात पाहिले नाहीत. हा प्रसंग मी तीन वर्षं विनोदी म्हणून सांगत आलो. आता सांगत नाही.

तेव्हा ठरवलं, श्वेता येण्याआधी हे बूट होते तसे करायचे. बायकोची माफी मागायची दुसरी काही सोय माझ्याकडे उरली नव्हती.

पहिली चूक मी ही केली की सल्ला मागितला. आमच्या सोसायटीत मोफत सल्ल्याला कधी तुटवडा नसतो. मात्र बायकी बूट हातात घेऊन दारोदार फिरणं मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी नुसतं "चामड्याची एक वस्तू आहे" एवढंच म्हणत असे. धनसुखभाई म्हणाले, पाकीट असेल तर तांदळाच्या डब्यात ठेवा. सरलाबाईंनी विचारलं, "पट्टा आहे का, भाऊजी? खोबरेल चोळा आणि विसरून जा." सरलाबाई बारा वर्षं आमच्या भिंतीपलीकडे राहतात. त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही.

खोबरेल चोळलं. बूट काळपट झाले. सकाळी पाहतो तर स्वयंपाकघरातल्या मुंग्यांनी दिवाणखान्यातून बुटांपर्यंत रांग लावलेली, आणि परतीची रांगही तितकीच शिस्तीत. मी बँकेत कॅशच्या खिडकीवर बसलो आहे. अशी रांग मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. मुंग्या झटकायला फिनेलचं फडकं मारलं, तर एका बुटावर फुलाच्या शिवणीला ढगासारखा पांढरा डाग पडला. त्यावर लावण्याआधी मेणाचं पॉलिश दुसऱ्या बुटावर लावून पाहिलं. ते लाल निघालं. चौथ्या दिवशी डावा बूट एका जातीचा आणि उजवा दुसऱ्या जातीचा दिसू लागला आणि माझी झोप उडाली.

शेवटी मी दगाकडे गेलो. दगा आमच्या गरनाळ्याजवळ, रेल्वेखालच्या रस्त्याच्या तोंडाशी बसतो. चपला शिवतो, छत्र्या नीट करतो. धुळ्याकडचा, साठीच्या पुढचा माणूस. मी बूट घेऊन गेलो नव्हतो. भर रस्त्यात निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या हातात तसले बूट लोकांनी पाहावेत, ही कल्पना मला सोसेना. मी तोंडी केस मांडली.

दगानं ऐकून घेतलं. "कोन्हा बूट शे?"

"असाच एक. ओळखीच्यांचा."

"पहिले ओल्या फडक्यानं पुसा. मग तिळनं तेल, थोडंच. आनि सावलीमा ठेवा, वारा लागू द्या दिवसभर. ऊन नका दाखवा." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "चामडं शे, साहेब. त्याले भी जीव व्हता."

सावली आणि वारा. आमच्या फ्लॅटमध्ये सावली मुबलक आहे, वारा नाही. वारा गच्चीवर आहे. आम्ही सहाव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. गच्ची आमच्या डोक्यावरच. पण गच्चीला दीड वर्षापासून कुलूप, म्हणून मी किल्ली मागायला धनसुखभाईंकडे गेलो.

धनसुखभाई झोपाळ्यावर बसून ढोकळा खात होते. "मुकुंदभाई," ते म्हणाले, "ताळुं तो तमारी ज अरजीथी लाग्युं छे!"

ते खरं होतं. कुलूप माझ्याच अर्जावरून लागलं होतं, आणि मला ते विसरायला आवडलं असतं.

निवृत्त झाल्यावर माणसाकडे जी काही थोडीफार संपत्ती उरते, तीत दुपारची झोप मी सर्वांत वर धरतो. तीन ते साडेचार. शैलजाची शाळा सकाळची. दोनला आम्ही जेवायचो, तीनला मी आडवा व्हायचो आणि ती सरलाबाईंकडे पापड लाटायला जायची. आणि साधारण त्याच सुमारास वर गच्चीवर कुणीतरी चालायला लागायचं. नुसतं चालणं असतं तर मी सहन केलं असतं. टाचा. टक, टक, टक. पाण्याच्या टाकीपर्यंत जायच्या, वळायच्या, परत यायच्या आणि नेमक्या माझ्या पलंगाच्या वर थांबायच्या. तिथे दोनदा टक टक, आणि पुन्हा टाकीकडे. मी कोळ्याची जाळी काढायची लांब काठी घेऊन छताला ठोकायचो. थोडा वेळ शांत. मग पुन्हा टक टक. हे वर्षभर चाललं. दोनदा मी लुंगीवरच जिन्यातून वर धावलो, पण आमच्या जिन्याचं लोखंडी दार इतकं करकरतं की वर पोचेपर्यंत टाकीखेरीज तिथे कुणी नसायचं.

अखेर मी अर्ज करायचं ठरवलं. सोसायटीत अर्ज गुजरातीत लागतो. मला गुजराती बोलता येतं, लिहिताना माझी अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. शैलजाचं गुजराती अक्षर देखणं होतं. मी पलंगावर बसून मराठीत सांगत गेलो आणि तिनं तक्रार लिहून दिली. पानभर. मी सही केली. चौतीस वर्षं मी गिऱ्हाइकांना बजावत आलो, वाचल्याशिवाय सही करू नका. स्वतः मात्र न वाचता केली; बायकोनं लिहिलेलं काय वाचायचं.

आठवड्यात कुलूप लागलं आणि मी झोपू लागलो. शैलजाचं पापड लाटणंही पुढे बंद झालं. दुपारी घरातच खिडकीशी बसून वह्या तपासायची. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आता घर घरासारखं वाटतं.

"पण आता मलाच गच्ची हवी आहे," मी धनसुखभाईंना म्हणालो. "एका दिवसापुरती."

"मिटिंगमां ठराव थयेलो छे. खोलवा माटे बीजो ठराव जोईए. मिटिंग दिवाळी पछी." म्हणजे उघडायला दुसरा ठराव, तोही दिवाळीनंतर. आणि ढोकळ्याची बशी माझ्यापुढे करून म्हणाले, "तमारी अरजी फाईलमां छे. जोवी छे?"

स्वतःचा अर्ज काय बघायचा, असं म्हणून मी एक ढोकळा उचलला आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसानं उघडीप दिली. खाली कंपाउंडच्या कोपऱ्यात पिंपळ आहे, त्याला सिमेंटचा पार. सावली दाट आणि खाडीकडून येणारा वारा थेट तिथे. मी सकाळी लवकर, कुणी नसताना, बूट पिशवीतून खाली नेले, ओल्या फडक्यानं पुसले आणि तिळाचं तेल चोळलं. तेल चोळायला माझा एक जुना काळा मोजा घेतला होता. बूट पारावर पिंपळाच्या बुंध्याशी टेकवून ठेवले, शेजारी तेलाची बाटली आणि मोजा. लांबून पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा मूळचा रंग दिसत होता. मला इतका आनंद झाला की मी बुटांना "बसा आता," असं म्हणालो आणि वर गेलो.

तो शनिवार होता. श्रावणातला.

आता, बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला शनिवार म्हणजे अर्धा दिवस, एवढंच ठाऊक असतं. शैलजा असती तर तिनं मला जिन्यातच अडवलं असतं. श्रावणी शनिवारी, पिंपळाखाली, तेल चोपडलेलं पायताण, बाजूला काळं कापड आणि तिळाच्या तेलाची बाटली. एवढी साग्रसंगीत शनीची पूजा आमच्या सोसायटीत आजवर कुणी मांडली नसेल.

मी जेवलो आणि तीनला झोपलो. साडेचारला खाली घंटा वाजत होती. गॅलरीतून पाहिलं तर पारापाशी पंचवीसेक माणसं. मी धावत खाली गेलो.

माझ्या बुटांभोवती चपलांचा ढीग झाला होता. पनवती जावी म्हणून लोकांनी आपापली जुनी पायताणं आणून टाकली होती. स्लीपर, सँडल, एका साडीवाल्या व्यापाऱ्याचे बरे दिसणारे बूटसुद्धा. वर काळे उडीद. शैलजाच्या बुटांच्या टोकांना शेंदूर लागला होता. माझी तेलाची बाटली रिकामी होती आणि प्रत्येक जण रांगेनं येऊन दोन थेंब वाहत होता. बाटली संपल्यावर लोकांनी घरून आणलं होतं.

मी ढिगात हात घातला. धनसुखभाईंनी माझं मनगट धरलं. "मुकुंदभाई! मूकेलुं पाछुं नी लेवाय! साडेसाती चोंटे!"

ठेवलेलं परत घ्यायचं नसतं म्हणे. सगळे माझ्याकडे बघू लागले. "म्हणजे हे तुमचं?" कुणीतरी विचारलं.

हाच तो क्षण. "हो, हे माझ्या बायकोचे बूट आहेत, मी ते वाळत घातले होते," एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. पण पंचवीस माणसं, शेंदूर, घंटा. आणि मग सर्कशीचा विनोद आठवेल, धनसुखभाई हसतील, असं वाटलं. मी हात मागे घेतला आणि म्हणालो, "हो. माझंच दान."

लोकांनी माझं अभिनंदन केलं. वॉचमन मारुती नांदेडकडचा. तो म्हणाला, "लई मोठं दान झालं बगा साहेब. आता तुमच्या मागचं समदं गेलं." धनसुखभाईंनी पाठीवर थाप मारली. "पनोती गई!"

गर्दीच्या मागे सरलाबाई उभ्या होत्या. त्या ढिगाकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे पण टाकलंत?" आणि वळून लिफ्टकडे गेल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी त्यांच्यामागे गेलो, तर त्यांनी दार उघडलं नाही.

मी घरात अर्धा तास येरझारा घातल्या. गर्दी पांगली की गुपचूप उचलायचे, असा माझा बेत होता. साडेपाचला खाली गेलो तर पार स्वच्छ. मारुती पाणी मारत होता.

"ढीग कुठे गेला?"

"दगा नेतो की दर शनवारी. दुसरं कोन हात लावतंय त्याला?"

मी छत्रीसुद्धा न घेता गरनाळ्यापर्यंत चालत गेलो. चालत म्हणजे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढं. वाटेत माझ्या मनात एवढंच होतं की तो टाचा उचकटेल, चामडं कापेल, आणि श्वेताला मी काय सांगू.

दगानं पोतं एका बाजूला ओतलं होतं. आणि त्याच्या पेटीवर, वेगळे, शैलजाचे बूट. शेंदूर पुसलेला. तो त्यांच्या शिवणीत अडकलेले उडीद टाचणीनं काढत होता. त्यानं मान वर केली.

"या बूट बाईसना शेतस," तो म्हणाला. "मी बाजूले ठेवात. म्हन्तं, चुकीसनी उनात."

चुकून आले असतील म्हणून त्यानं ते बाजूला काढले होते. मी त्याच्या शेजारच्या ओट्यावर बसलो. थोडा दम खाऊन विचारलं, "दगा, तुला नाही का लागत पनवती?"

"आमले काय लागी, साहेब? आमले ती पहिलेच लागेल शे."

मी पेटीवरच्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं, त्यानं "बाईसना" म्हटलं होतं.

"हे बाईंचे, तुला कसं कळलं?"

त्यानं उजवा बूट उलटा केला. मी चार दिवस ते बूट पुसत होतो, पण त्यांचा तळ कधी पाहिला नव्हता. टाचेला लोखंडी नाल होती, अर्धचंद्रासारखी, आणि ती मागच्या बाजूनं झिजून चमकत होती.

"नाल मीच ठोकी व्हती. दोन येळ. पहिली झिजी गई, मग दुसरी." त्यानं अंगठा टाचेवरून फिरवला. "बाई भलती चालनी या बुटसवर. सांगेत, आवाज चांगला यायले पायजे, दगाभाऊ. आनि सांगेत, सायबले सांगू नका."

"चालली? कुठे?"

"ते माले काय ठाऊक. नाल ठोकी का घाली लेत, हसत हसत निंघी जायेत."

रस्त्यावरून टेम्पो चालले होते, वरून गाडी जात होती. मी तो बूट हातात घेतला आणि दगाच्या पेटीच्या लाकडावर सहज टेकवला. टक. पुन्हा टेकवला. तो आवाज मी ओळखत होतो. वर्षभर तो माझ्या डोक्यावर चालला होता.

दगानं पैसे घेतले नाहीत. मी बूट पिशवीत न घालता हातात धरून रस्त्यानं परत आलो. ज्यांना पाहायचं त्यांनी पाहिलं.

या खेपेला सरलाबाईंनी दार उघडलं, कारण बूट हातात दिसले. मी म्हणालो, "सरलाबाई, शैलजानं वर्षभर तुमच्याकडे पापड लाटले. माझ्या ताटात एकही पापड आला नाही, हे मला कधी जाणवलंच नाही."

त्या रडायला लागल्या आणि मग रडता रडता हसायला लागल्या. त्यांनी सगळं सांगितलं. मुंजीनंतर आठवडाभर शैलजानं बूट खोक्यातच ठेवले. मग एक दिवस म्हणाली, घरात नाही तर घरावर घालीन. मी झोपलो की दोघी जिन्यानं वर जायच्या. शैलजा पिशवीतून बूट काढून पायात चढवायची, साडी थोडी खोचायची आणि चालायला लागायची. सरलाबाई चपला घालून शेजारून. शाळेतलं बोलायची, श्वेताचं बोलायची, गाणीसुद्धा म्हणायची. लोखंडी दार करकरलं की दोघी टाकीमागे दडायच्या. लुंगीवर आलेला मी त्यांना दोनदा दिसलो होतो.

"आणि माझ्या पलंगाच्या बरोबर वर थांबायची ती?"

"मुद्दाम हो, भाऊजी. बरोबर जागा माहीत होती तिला. दोनदा टाच आपटायची, आणि तुमची काठी वाजली की पदर तोंडात धरून इतकी हसायची, इतकी हसायची... म्हणायची, बघ, बोलतात माझ्याशी."

मला राग यायला हवा होता. मला फार आनंद झाला. तिनं माझं ऐकलं नव्हतं. तो एक शब्द मी फेकला आणि तिचं सुख संपवलं, असं जे ओझं मी वर्षभर वाहत होतो, ते खोटं निघालं. हा आनंद सरलाबाईंच्या उंबऱ्यापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत टिकला. तेवढ्यात मला अर्ज आठवला.

मी तसाच खाली धनसुखभाईंकडे गेलो आणि फाईल मागितली.

धनसुखभाईंनी पान काढून दिलं. तिचं अक्षर. प्रत्येक मात्रा जागच्या जागी. मला गुजराती लिहिता येत नसलं तरी वाचता येतं. वर माझीच वाक्यं होती: दररोज दुपारी तीन ते साडेचार, टाचांचा आवाज, ज्येष्ठ नागरिकाची झोपमोड. तिनं एकही शब्द सौम्य केला नव्हता. आणि खाली, माझ्या सहीच्या वर, मी न सांगितलेली दोन ओळींची विनंती होती. 'तरी जे कोणी चालत असेल, त्यास गच्चीवर चालण्याचा आनंद मिळत असावा. म्हणून गच्ची बंद न करता, त्यास सकाळी सहा ते सात अशी एक तासाची वेळ द्यावी, ही अर्जदाराची नम्र विनंती.'

खाली अर्जदार म्हणून माझी सही. लफ्फेदार, पूर्ण नावाची.

"आ छेल्ली लीटी तो वांची हती," धनसुखभाई चाचरत म्हणाले, "पण सवारे छ वागे ताळुं कोण खोले? एटले कायमनुं बंध कर्युं." त्यांनी फाईल मिटली. "मने एम के तमे जाणो छो. घरनो मामलो छे, एमां आपणे शुं बोलीए."

सकाळी सहाला उघडणार कोण, म्हणून कायमचं बंद; आणि मला सगळं माहीतच असेल, असं त्यांना वाटलं होतं. म्हणजे सर्वांना ठाऊक होतं. सरलाबाईंना, सेक्रेटरीला, बुटांपुरतं दगालासुद्धा. ज्याच्या डोक्यावर ती चालत होती, त्या एकट्यालाच नव्हतं. आणि तिनं मागितला होता तो एक तास; तोही माझ्या तोंडून, माझ्या सहीनं, माझी झोप न मोडता. मी जर वाचलं असतं, तर विचारलं असतं, हे काय लिहिलंस? ती काहीतरी बोलली असती. कदाचित तिला तेच हवं होतं. मी धनसुखभाईंच्या झोपाळ्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो. त्यांनी बिचाऱ्यांनी झोपाळा पायानं धरून ठेवला, हलू नये म्हणून.

त्या संध्याकाळी मी दुसरा अर्ज लिहिला. स्वतः, गुजरातीत. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली. धनसुखभाईंनी तो वाचण्याचा प्रयत्न केला, अर्ध्यावर सोडला आणि ठराव न करताच किल्ली माझ्या हातात ठेवली.

श्वेता गुरुवारी आली. बूट पाहून म्हणाली, "बाबा, किती छान ठेवलेत!" उजव्यावरचा पांढरा डाग गेला नव्हता, डावा थोडा लालसर होता. तिला वाटलं, आईनं वापरल्याच्या खुणा. मी तिला सगळं सांगितलं, अर्जासकट. तिला गच्चीचं माहीत होतं. आईनं फोनवर सांगितलेलं. अर्जाचं माहीत नव्हतं. तिनं बूट उलटा करून झिजलेली नाल पाहिली. मग म्हणाली, "कुलूप लागल्यावर आई मला एवढंच म्हणाली होती, आता पाय दुखतात गं."

वर्षश्राद्ध झालं. गुरुजी गेले, पानं उचलली. सरलाबाई थांबल्या होत्या. तीन वाजायला आले तेव्हा श्वेतानं बूट पायात चढवले. आईचंच माप तिचं. "वर येता?" तिनं विचारलं.

"तुम्ही जा," मी म्हणालो. "माझी झोपायची वेळ आहे."

मी पलंगावर आडवा झालो. वर लोखंडी दार करकरलं. मग सुरू झालं. टक, टक, टक. टाकीपर्यंत. वळण. परत. मी डोळे मिटून ऐकत होतो. पावलं जवळ आली, आणखी जवळ आली आणि माझ्या बरोबर वर थांबली. सरलाबाईंनी तिला जागा दाखवली असणार.

टक टक.

वर श्वेता होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी उठलो, दारामागची जाळ्यांची काठी घेतली आणि छताला हळूच दोनदा टेकवली. वरून कुणी हसलं की नाही, ते मला ऐकू आलं नाही. पावलं पुन्हा टाकीकडे गेली. मी काठी जवळ घेऊन पडून राहिलो, साडेचारपर्यंत, जागा.